आधी हक्क, मग राखण : मालवणच्या समुद्रावरून आपण काय घ्यायचं



मागच्या अंकात कोकणातल्या मच्छीमारांच्या लढ्याला पाठिंब्याच्या चार ओळी छापल्या होत्या. त्यावर गावागावांतून एकच विचारणा झाली, "समुद्राचं आपल्याले काय करा लागते? आपलं जबरानजोताचं पाहा, दाव्यायचं पाहा." विचारणा रास्त आहे. दारव्ह्याहून समुद्र कोणत्याही बाजूनं दूरच. आपल्या अरुणावतीचं पाणी अडाणात जाते, अडाण पैनगंगेत, पैनगंगा वर्धेत, पुढं प्राणहिता, मग गोदावरी, आणि पार आंध्रात जाऊन ते समुद्राला लागते. म्हणजे आपलं पाणी समुद्रात जाते खरं, पण कोकणाच्या नाही, उलट्या बाजूच्या. तेव्हा पाण्याचं नातं सांगून हा लेख मी तुमच्या गळ्यात बांधत नाही.

कारण वेगळं आहे. सध्या आपल्या भागात 'लोकसहभाग' आणि 'ग्रामवन' हे दोन शब्द फार ऐकू येतात. काही गावांत ग्रामवनाचा ठराव घ्यायचं बोलणं सुरू आहे. जंगल राखायचं, गावानं सहभाग द्यायचा, समिती करायची. ऐकायला गोड आहे. समुद्रकाठच्या माणसांपुढंही आज हाच शब्द ठेवला जातो. समुद्र राखायचा, मासे राखायचे, कासव राखायचं, स्थानिक लोकांनी सहभाग द्यायचा. तिथं काय घडलं ते पाहिल्याबिगर कोणत्याही कागदावर अंगठा-सही करू नये, हे माझं म्हणणं आहे, आणि त्यासाठी आधी मालवणला जावं लागेल.

मालवण सिंधुदुर्ग जिल्ह्यात, गोव्याच्या अलीकडं. तिथं समुद्रात कुरटे बेट आहे. त्या बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली किल्ला बांधायला घेतला, तो सिंधुदुर्ग. किल्ल्याभोवतीचा समुद्र उथळ आणि खडकाळ. त्या खडकांवर प्रवाळ वाढते. प्रवाळ दिसायला दगडासारखं, पण जिवंत. बारके बारके जीव आपापली घरं बांधत जातात, एकावर एक, आणि त्या कपारींत माशांची पिलं लपून वाढतात. आपल्या नाल्यातल्या डोहात झाडाच्या बुडालेल्या मुळ्यांत झिंगे लपतात, तसं समजा.

म्हणजे जागा राखण्यासारखी आहे, यात वाद नाही. १३ एप्रिल १९८७ रोजी सरकारनं तिथं सागरी अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या थोडं वर, आपल्या हिशेबानं सुमारे २,९०० हेक्टर. त्यातला ३ चौरस किलोमीटरच्या आसपासचा भाग गाभा, त्यात किल्ला आणि पद्मगडाचं बेट. उरलेला बफर. ताडोबा-टिपेश्वरमुळं हे शब्द आपल्याला वेगळे समजावून सांगायला नकोत.

आता हेच पाणी तिथल्या मच्छीमाराच्या डोळ्यांनी पाहा. मालवणचे मच्छीमार बहुतेक गाबीत समाजाचे. ज्याची होडी लहान तो दूर खोल समुद्रात जाऊ शकत नाही. किनाऱ्याजवळचं पाणी हेच त्याचं वावर. तिथं रापण नावाची जुनी पद्धत आहे. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीतून ते अर्ध्या गोलात टाकत जातात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. एकट्यादुकट्याचं ते काम नाही, सारी वाडी लागते. मासे निघाले की वाटे पडतात, आणि दोराला हात लावणाऱ्यालाही कालवणापुरतं मिळते. कोणाची रापण किनाऱ्याच्या कोणत्या भागात लागायची, हे आपसांत ठरलेलं असते. आपल्याकडं कोणत्या मोहाखाली कोणाचं घर वेचते हे कागदावर कुठंच नाही, तरी साऱ्या गावाला पाठ असते ना? तसंच.

अभयारण्याची रेघ पडली ती या वावरावरूनच. हद्द आखायच्या आधी गावाला विचारून, गावाच्या होकारानं ती आखली, असं झालं नाही.

अभयारण्य झालं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली. तो कायदा लिहिलाच मुळी जंगल आणि जंगली जनावर डोळ्यांपुढं ठेवून. समुद्रासाठीची खास तरतूद त्यात १९९१ च्या दुरुस्तीनं आली, कलम २६-अ. मालवणचं अभयारण्य तर त्याच्याही चार वर्षं आधीचं. पण ही तरतूद वाचण्यासारखी आहे. समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर केंद्र सरकारची संमती आधी घ्यायची. हद्द ठरवताना केंद्राच्या मुख्य नौदल जलसर्वेक्षकाशी, म्हणजे समुद्राची मोजणी करणाऱ्या अधिकाऱ्याशी, सल्लामसलत करायची. आणि स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याच्या हितासाठी पुरेसे उपाय करायचे. नीट वाचा, साथींनो. सल्ला घ्यायचा तो नौदलाच्या साहेबाचा. मच्छीमाराचं फक्त 'हित' पाहायचं, त्याला विचारायचं त्या कलमात कुठंच नाही. हित तर माणूस ढोराचंही पाहते.

व्हायचं तेच झालं. मच्छीमारांनी विरोध केला आणि तो आजवर निवला नाही. मासेमारी चालूच राहिली, अभयारण्य कागदावर राहिलं आणि दोहोंच्या मधात भीती राहिली. आज जाळं टाकलं, उद्या गुन्हा लावला तर? नाकेदार दिसला की डोक्यावर मोळी असलेल्या बाईच्या पोटात जो गोळा येते, तोच हा. ज्या प्रवाळासाठी हा सारा खटाटोप, त्याच्या अंगावरून रोज होडी घेऊन जाणारा माणूस त्याचा सगळ्यात जवळचा राखणदार होऊ शकला असता. त्यालाच अभयारण्याचा विरोधक करून ठेवलं.

पुढं सूर बदलला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी मिळून सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर जैवविविधतेचा मोठा प्रकल्प आणला. त्यात लोकसहभाग हा शब्द ठळक. बचतगटांच्या बायांना खेकडे पाळायला, कालवं पाळायला शिकवलं. ट्रॉलरसाठी चौकोनी आसाची जाळी आणली. आस म्हणजे जाळ्याचं भोक. साधं जाळं ओढलं की त्याची भोकं मिटतात आणि बारकी पिलंही अडकून मरतात. चौकोनी आस मिटत नाही, पिलं निसटून जातात. कामं चांगली आहेत, मी नाक मुरडणार नाही. खेकड्याच्या पैशानं एखाद्या माउलीच्या घरी पोराची फी भरली गेली तर त्यात वाईट काय आहे?

पण लोकांना काय दिलं आणि काय नाही दिलं, ते वेगळं काढून पाहा. काम दिलं, प्रशिक्षण दिलं, जाळी दिली. "या पाण्याचा नियम तुम्ही ठरवा, तुमच्या होकाराबिगर इथं कोणी येणार नाही" हा अधिकार दिला नाही. म्हणजे सहभाग आहे, पण दुसऱ्याच्या ठरावातला. आपण हे १९९२ पासून संयुक्त वनव्यवस्थापनाच्या नावानं पाहिलंच आहे. वणवा विझवायला गाव, रोपवन राखायला गाव, चराई बंद करायला गाव. समितीचा सचिव मात्र खात्याचा, आणि जंगलात काय तोडायचं, काय लावायचं, कधी विकायचं हे ठरणार खात्याच्या आराखड्यात. ज्या गावांनी पंधरा-वीस वर्षं झाडं राखली, त्यांना विचारा कापणीच्या वेळी काय हाती लागलं.

आता दुसरी बाजू. मच्छीमार समुद्र राखत नाही, म्हणून त्याला शिकवावं लागते, असं ज्यांना वाटते त्यांनी नारळी पुनव पाहावी. पावसाळा लागला की कोकणातली माणसं होड्या वर ओढून ठेवतात. श्रावणात नारळी पुनवेला दर्याला नारळ वाहतात आणि मग होडी लोटतात. वादळाची भीती हे एक कारण, पण तेच दिवस पुष्कळ माशांच्या अंडी-पिलांचे. आपण नवा आंबा, नवं धान्य देवाला दाखवल्याबिगर तोंडात घालत नाही. त्यानं कच्चं फळ झाडावर राहते. ही त्याच जातीची रीत. आता सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची आहे. २०१६ साली नारळी पुनव ऑगस्टमध्ये आली. म्हणजे कायद्याची बंदी उठल्यावरही रीत पाळणारा पुनवेपर्यंत घरी बसणार आणि मोठी यांत्रिक बोट तेवढे दिवस आधी जाऊन समुद्र धुऊन आणणार. अडाणी कोण आणि राखणदार कोण, तुम्हीच ठरवा.

समुद्र खाली कोण करते, हेही पाहू. ट्रॉलर समुद्राच्या तळावरून जाळं घासत नेते. पर्ससीन नावाचं जाळं माशांच्या साऱ्या थव्याला घेर घालते आणि खालून बटव्यासारखं आवळते, एका खेपेत थवाच्या थवा वर. किनाऱ्याजवळ हे आलं की रापणीला उरते काय? गोव्यात १९७० नंतर ट्रॉलरचा असा सुळसुळाट झाला तेव्हा तिथले रांपणकार रस्त्यावर आले. मॅथानी साल्ढाणा त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. किनाऱ्याजवळचा समुद्र लहान मच्छीमारासाठी राखून ठेवा, ही त्यांची मागणी. अशा लढ्यांच्या रेट्यानंतर राज्याराज्यांत सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. आपल्या महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. आणि पर्ससीनवर निर्बंध घालणारा राज्य सरकारचा आदेश निघाला तो ५ फेब्रुवारी २०१६ ला, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले तेव्हा. नवे परवाने नाहीत, असलेले टप्प्याटप्प्यानं कमी करायचे. आदेश पाळला जातो का, हा पुढचा झगडा आहेच. पण मागं वळून पाहिलं तर समुद्र वाचवणारे हे नियम लहान मच्छीमारांनी मागून, भांडून घेतले आहेत. त्यांच्या या भांडणाला मात्र 'लोकसहभाग' कोणी म्हणत नाही. त्याला 'कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न' म्हणतात.

डहाणूची गोष्ट तर आपल्या घरची, कारण तिथं वारली आणि इतर आदिवासींची वस्ती मोठी. जून १९९१ मध्ये केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर केला. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं १९९६ साली तिथं प्राधिकरण बसलं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. वाढवण गावी मोठं बंदर बांधायचा घाट होता. मच्छीमार, बागायतदार, आदिवासी एक झाले आणि १९९८ साली प्राधिकरणानं त्या बंदराला नकार दिला. पण २०१५ साली त्याच वाढवणच्या बंदराचा नवा करार झाला. एका हातानं मच्छीमाराला सांगायचं की बाबा, जाळ्याचा आस मोठा कर, पिलं वाचव. दुसऱ्या हातानं पिलं जिथं वाढतात तो किनाराच बंदराला द्यायचा. गावाकडं नकाराचा अधिकार नसेल तर सहभाग असा अर्धाच राहते : लहान गोष्टीत तुम्ही, मोठ्या गोष्टीत आम्ही.

कोणी म्हणेल, तुम्हाला सारं वाईटच दिसते काय? नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. तिथल्या वाळूत समुद्री कासवाची मादी रात्री येऊन शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ती अंडी माणसं उकरून नेत, कुत्री-कोल्हे नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदरे आणि त्यांच्या साथीदारांनी, २००२ पासून गावाला सोबत घेऊन काम उभं केलं. गावातलीच माणसं पहाटे किनाऱ्यावर फिरतात, घरटी शोधतात, कुंपणाच्या आत अंडी पुरून राखतात आणि पिलं निघाली की समुद्रात सोडतात. ते पाहायला शहरातून माणसं येतात, गावात घरोघरी राहतात, जेवतात. गावाला दोन पैसे मिळतात. कोणावर खटला न भरता अंडी वाचली.

हे चांगलंच झालं. पण कासव-महोत्सव हा सगळीकडं लावायचा नमुना नाही, असं माझं मत. कासवाच्या अंड्यांवर साऱ्या गावाची चूल नव्हती. ती सोडणं गावाला परवडलं. मालवणला पाणीच सोड म्हणतात. शिवाय पाहुण्यांवर चालणारी राखण पाहुण्यांच्या मर्जीवर राहते. आपल्याकडं उद्या वाघ पाहायला जिप्सी येतील, चार पोरांना गाइडचं काम मिळेल, आणि बाकी गावाला मोहफूल वेचायला बंदी होईल. चार पोरांचा रोजगार दाखवून चारशे माणसांचा हक्क काढून घेतला तर तो तोट्याचाच सौदा.

हक्क आधी आणि राखण मागून, असं समुद्रावर कुठं झालं आहे का? झालं आहे. फिजी नावाचा बेटांचा देश आहे. ऊसतोडीला तिथं इंग्रजांनी आपल्या देशातून मजूर नेले होते. तिथल्या मूळ रहिवाशांच्या गावांचे किनाऱ्याजवळच्या पाण्यावरचे मासेमारीचे हक्क वंशपरंपरेचे आणि नोंदलेले. उकुनिवानुआ गावच्या लोकांच्या ध्यानात आलं की त्यांचे खायचे शिंपले संपत चालले आहेत. १९९७ साली त्यांनी स्वतःच २४ हेक्टर पाणी बंद केलं, तीन वर्षं कोणी शिंपला काढायचा नाही असं ठरवलं, आणि शिंपले मोजायला स्वतःच शिकले. शिंपले वाढले, बंद पाण्यात वाढले आणि शेजारच्या उघड्या पाण्यातही. गावांनी गावांचं पाहिलं आणि पद्धत पसरली. बंदी तीही होती आणि मालवणचीही बंदीच. फिजीत मात्र ती घालणारा आणि पाळणारा एकच होता.

इतक्या दूर जायलाही नको. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव आपल्यापैकी काहींनी पाहिलं आहे. २०१२ साली त्या गावाला सुमारे १,००० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूचा व्यवहार ग्रामसभेनं हातात घेतला. मग ग्रामसभेनंच ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचा नाही, कारण पानासाठी फांद्या छाटतात, आगी लावतात आणि झाड खचते. हातचा रोख पैसा सोडला! जंगलाचा एक तुकडा देवासाठी राखावा तसा अजिबात हात न लावता वेगळा ठेवला. कोण्या साहेबानं सांगितलं असतं तर गावानं ऐकलं असतं काय? शिव्या दिल्या असत्या, आणि रात्री जाऊन पत्ता तोडला असता.

आता आपल्या पुढ्यातल्या कागदाकडं येऊ. ग्रामवनाचे नियम राज्यानं २०१४ साली काढले, इंग्रजांच्या वेळच्या वन कायद्याच्या कलम २८ खाली. त्या कलमात सरळ लिहिलं आहे : राखीव जंगलावरचे सरकारचे हक्क सरकार गावाला सोपवू शकते, आणि सोपवलेलं रद्दही करू शकते. म्हणजे मालक सरकार, गाव राखणदार, आणि राखणदाराला केव्हाही घरी पाठवता येते. २००६ चा वनहक्क कायदा वेगळी भाषा बोलतो. तो म्हणते, हक्क आधीपासून तुमचाच होता, नोंद नव्हती एवढंच. आता तो मान्य करू. कलम ३(१)(झ), इंग्रजीत जे (आय), त्यात गावानं परंपरेनं राखलेलं सामूहिक जंगल राखायचा, वाढवायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क आहे. कलम ५ मध्ये ग्रामसभेला जंगल, वन्यजीव, पाण्याचे स्रोत राखायचे अधिकार आहेत. हा हक्क कोण्या अधिकाऱ्याला आपल्या मर्जीनं रद्द करता येत नाही.

आपला दारव्हा तालुका पाचव्या अनुसूचीत येत नाही, म्हणून पेसा कायदा आपल्याला लागू नाही. केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजीकडच्या पुष्कळ गावांना तो आहे. वनहक्क कायदा मात्र साऱ्यांना आहे, अनुसूचित क्षेत्र असो की नसो. आपल्या हातात तेवढं एकच हत्यार आहे. ते बाजूला ठेवून कलम २८ चा ठराव घेणं म्हणजे १९८७ च्या मालवणात आपल्या पायानं चालत जाणं. माझं मत मी दडवत नाही : जिथं सामूहिक दावा दाखल नाही तिथं आधी तो दाखल करा. ग्रामवनाचा विचार त्यानंतर, आणि तोही ग्रामसभेनं वाचून, समजून. कोणी घाई करत असेल तर हात जोडून सांगा, "भाऊ, आमचा दावा होऊ द्या, मंग बोलू."

आणि दावा म्हणजे फक्त जमीन आणि झाड असं आपल्या डोक्यात बसलं आहे. पाणी सुटून जाते. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ), इंग्रजीत (डी), यात जलाशयांतले मासे आणि पाण्यातलं इतर उत्पन्न यावरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. नमुना ब मध्ये त्यासाठी रकाना आहे. तो बहुतेक गावांनी कोरा सोडला. जंगलातले डोह, नाले, पाझर तलाव, वनतळी, यांतले मासे, झिंगे, खेकडे, शिंगाडे आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलो. आषाढात घरात धान्य नसते तेव्हा बाया याच पाण्यात उतरतात. ते लिहिलं नाही तर उद्या त्या तळ्याचा ठेका दुसऱ्याला जाईल आणि आपल्याच डोहात आपण चोर ठरू. समुद्रकाठच्या माणसाला असा रकाना नाही. त्याच्या समुद्राला वनहक्क कायद्यासारखा कायदाच नाही. कांदळवनासारख्या वनजमिनीवर दावा करायचा तरी, आदिवासी नसल्यामुळं, तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा आणावा लागते. आपल्याला आहे आणि आपण कोरा सोडतो!

एक सावधगिरी. आपल्या भागातले भोई भाऊ पिढीजात मासेमारी करतात आणि तेही गरीबच आहेत. दावा भरताना त्यांना वगळून, त्यांच्या पोटावर पाय देऊन भरायचा नाही. ते गावचे असतील तर ते ग्रामसभेचेच आहेत. शेजारगावचे असतील तर बसून बोला, कोणता डोह कोणाचा आणि कोणत्या महिन्यात, ते दोन्ही ग्रामसभांच्या ठरावात लिहा. मालवणच्या रापणींनी किनारा वाटून घेतला, तसं. आदिवासी विरुद्ध भोई असं भांडण लागलं तर ठेकेदाराला आयतीच वाट मिळते.

आणि एक कडू गोष्टही लिहितो. आपल्याच काही गावांत पोरं नाल्यात ब्लिचिंग पावडर टाकतात, तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडतात. पूर्वी म्हातारी माणसं गेळफळ कुटून एखाद्या आटत्या डोहात टाकत, तेही उन्हाळ्यात, साऱ्या गावानं मिळून. ब्लिचिंगनं माशासोबत बेडूक, झिंगे, अंडी, सारं मरते, आणि खाली ढोरं तेच पाणी पितात. करंटानं माणसंही मेली आहेत. हक्क मागणाऱ्या ग्रामसभेनं हे थांबवलं नाही, तर उद्या "या लोकांना राखता येत नाही" म्हणणाऱ्याला आपणच पुरावा देऊ. दाव्याच्या ठरावाच्या दिवशीच हा दुसरा ठरावही घ्या : ब्लिचिंग बंद, करंट बंद, अंड्यांच्या दिवसांत कोणता डोह बंद, आणि मोडणाऱ्याला दंड काय. दंड गावानं ठरवायचा आणि गावातच भरायचा, पोलीस पाटलाकडं न जाता.

भरायच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी. दाव्याच्या ग्रामसभेला निम्म्यापेक्षा कमी माणसं चालत नाहीत, आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश बाया पाहिजेत. सह्या-अंगठे त्या हिशेबानं पूर्ण करा, नाहीतर वरून दावा परत येते. डोहांची, नाल्यांची नावं गावाच्या तोंडी आहेत तीच लिहा. सरकारी नकाशात नुसतं 'नाला' असते. कोणत्या डोहात कोण मासे धरत होतं, कोणत्या महिन्यात, कोणता मासा पूर्वी होता आणि आता दिसत नाही, हे म्हाताऱ्या माय-बाबांना विचारून लिहून घ्या आणि त्यांचा अंगठा घ्या. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं सांगणं नियम १३ प्रमाणं पुरावा म्हणून चालते. पाऊस लागायच्या आधी पोरांना सोबत देऊन त्यांना एकदा नाल्यावर नेऊन आणा. आत्ता पाणी आटलेलं आहे, डोह उघडे दिसतात, जागा दाखवायला सोपं जाईल.